हजरजबाबी

हजरजबाबी हे मराठी भाषेतील एक विशेषण आहे. समोरच्याच्या बोलण्याला त्याच क्षणी, प्रसंगाला चपखल बसणारे आणि बहुधा हसू आणणारे उत्तर देणाऱ्या व्यक्तीचे किंवा तिच्या स्वभावाचे वर्णन करण्यासाठी ते वापरले जाते. या गुणाला हजरजबाबीपणा असे म्हणतात. चतुर, विनोदी, मार्मिक, मिश्कील, समयसूचक हे शब्द त्याचे समानार्थी म्हणून सांगितले जातात. मात्र त्यांपैकी एकही शब्द प्रत्येक वाक्यात 'हजरजबाबी'ची जागा घेऊ शकत नाही. या शब्दाच्या अर्थाचा गाभा बुद्धी किंवा विनोद यांपेक्षा वेळ हा आहे. तेच उत्तर थोड्या उशिराने सुचले, तर ते विनोदी राहते, हजरजबाबी राहत नाही.

## व्युत्पत्ती

हा शब्द 'हाजिर' (समोर असलेला, उपस्थित) आणि 'जवाब' (उत्तर) या दोन मूळच्या अरबी शब्दांपासून बनला आहे. फारसीत या दोन शब्दांचा समास होऊन 'ज्याचे उत्तर हजर आहे असा' या अर्थाचे विशेषण तयार झाले. संस्कृत व मराठी व्याकरणाच्या परिभाषेत हा बहुव्रीही समास ठरतो, कारण समासातील दोन्ही पदांहून वेगळ्या अशा व्यक्तीचा त्यातून बोध होतो. दख्खनमधील बहमनी, निजामशाही व आदिलशाही राजवटींच्या काळात फारसी ही राज्यकारभाराची भाषा होती. त्या काळात असंख्य अरबी-फारसी शब्द मराठीत रुजले व मराठी उच्चारांच्या वळणाने बदलले. 'हाजिर'चे 'हजर' झाले आणि 'जवाब'चे 'जबाब'. 'हजर'मधील ज चा उच्चार 'बाजार'मधील ज सारखा होतो.

मराठीत या दोन्ही घटकांचा विस्तार मोठा आहे. 'हजर'पासून हजेरी, गैरहजर, गैरहजेरी हे शब्द आले. 'जबाब'पासून जबाबदार व जबाबदारी हे शब्द आले. 'जाब विचारणे' यातील 'जाब' हेही त्याचेच आटलेले रूप आहे. पोलीस किंवा न्यायालयापुढे केलेल्या निवेदनाला 'जबाब' म्हणतात, तर तमाशातील पद्यमय प्रश्नोत्तरांना 'सवाल-जवाब' म्हणतात. 'लाजवाब' या शब्दाचा मूळ अर्थ 'ज्याला उत्तर नाही असे' हा असला, तरी मराठीत तो 'अप्रतिम' या अर्थाने रूढ आहे.

विसाव्या शतकात वि. दा. सावरकर यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने 'हजर' या शब्दासाठी 'उपस्थित' हा पर्याय पुरस्कारला व तो औपचारिक मराठीत स्थिरावला. 'हजरजबाबी' या सामासिक शब्दाला मात्र तितका सुटसुटीत पर्याय रूढ झाला नाही. 'प्रत्युत्पन्नमती' हा संस्कृत शब्द उपलब्ध असूनही तो ग्रांथिक भाषेपुरता मर्यादित राहिला.

## व्याकरण व लेखन

'हजरजबाबी' हे अविकारी विशेषण आहे. विशेष्याच्या लिंगानुसार किंवा वचनानुसार त्याचे रूप बदलत नाही: हजरजबाबी मुलगा, हजरजबाबी मुलगी, हजरजबाबी माणसे. त्यापासून बनणारे भाववाचक नाम 'हजरजबाबीपणा' हे पुल्लिंगी असून ते सामान्यतः एकवचनातच वापरले जाते.

हिंदी व उर्दूमध्ये 'हाज़िरजवाब' हे विशेषण आणि 'हाज़िरजवाबी' हे स्त्रीलिंगी नाम आहे. मराठीत मात्र ईकारान्त रूप विशेषणाचे काम करते. त्यामुळे 'त्यांची हजरजबाबी सर्वांना आवडते' ही रचना हिंदीच्या वळणाची ठरते. 'त्यांचा हजरजबाबीपणा सर्वांना आवडतो' ही मराठीची रूढ रचना आहे. 'हजरजवाबी' हे पर्यायी रूपही आढळते. सामासिक शब्द असल्याने तो 'हजर जबाबी' असा तोडून लिहीत नाहीत.

## अर्थाचे घटक

एखाद्या उत्तराला हजरजबाबी म्हणता येण्यासाठी साधारणपणे चार गोष्टी एकत्र याव्या लागतात.

- प्रसंग: उत्तराआधी कोणीतरी काहीतरी बोललेले असावे लागते. प्रश्न, टोमणा, आक्षेप किंवा अडचण यांशिवाय हजरजबाबीपणा संभवत नाही.
- तत्परता: उत्तर विचार करण्यास सवड न घेता यावे लागते.
- चपखलपणा: उत्तर त्या प्रसंगाला, शक्यतो समोरच्याच्याच शब्दांना धरून असावे लागते.
- चमत्कृती: ऐकणाऱ्याची अपेक्षा मोडणारे अनपेक्षित वळण त्यात असावे लागते. हसू बहुतेक वेळा याच घटकामुळे येते.

गर्दीने भरलेल्या एसटीत वाहकाने 'पुढे सरका, अजून पुढे सरका' असा धोशा लावला असता, एखाद्या प्रवाशाने 'आणखी पुढे सरकलो तर गाडी मलाच चालवावी लागेल' असे म्हटले, तर त्या उत्तरात हे चारही घटक आढळतात. हेच वाक्य तो प्रवासी घरी पोहोचल्यावर सांगू लागला, तर तो विनोदी किस्सा होतो; आणि वाहकाने काही म्हटलेले नसताना तो ते बोलला असता, तर त्या वाक्याला अर्थच उरला नसता.

## समानार्थी शब्द व अर्थच्छटा

'हजरजबाबी'च्या जवळचे शब्द या गुणाची वेगवेगळी अंगे दाखवतात. त्यांचे ढोबळमानाने चार गट पडतात.

### तत्परता दाखवणारे शब्द

प्रत्युत्पन्नमती हा शब्द 'प्रति', 'उत्पन्न' व 'मती' यांपासून बनला असून, प्रसंग येताच ज्याची बुद्धी जागी होते तो, असा त्याचा अर्थ आहे. पंचतंत्र व हितोपदेश या ग्रंथांतील तीन माशांच्या कथेत अनागतविधाता, प्रत्युत्पन्नमती व यद्भविष्य अशी माशांची नावे आहेत. पहिला संकट येण्याआधीच निघून जातो, दुसरा संकट आल्यावर युक्तीने सुटतो आणि 'जे व्हायचे ते होईल' म्हणणारा तिसरा मारला जातो. हितोपदेशात दुसरा मासा मेल्याचे सोंग घेऊन वाचतो. म्हणजेच त्याची तत्पर बुद्धी कृतीतून दिसते, बोलण्यातून नव्हे.

समयसूचक व प्रसंगावधानी हे शब्दही प्रामुख्याने कृतीसाठी येतात. 'चालकाच्या प्रसंगावधानामुळे अनर्थ टळला' हे वाक्य वृत्तपत्रांत नेहमी आढळते. तेथे 'हजरजबाबीपणामुळे' असे लिहिल्यास, चालकाने अपघात बोलून टाळला, असा हास्यास्पद अर्थ निघतो. शीघ्रकवी हा शब्द तत्काळ पद्यरचना करणाऱ्यापुरता मर्यादित आहे.

### बुद्धी दाखवणारे शब्द

चतुर हा शब्द व्यापक आहे. चतुर माणूस न बोलताही चतुर असू शकतो. समर्थ रामदासांच्या दासबोधात 'चातुर्यलक्षण' या नावाचा समास असून, तेथे चातुर्याचा विचार एकूण शहाणपण व वागणूक यांच्या अंगाने केलेला आहे. वाक्पटू म्हणजे बोलण्यात कुशल. पूर्वतयारी करून आलेला वक्ताही वाक्पटू असतो. विदग्ध या संस्कृत शब्दाचा अर्थ 'निपुण, रसिक' असा असला, तरी आजच्या मराठीत तो 'अभिजात' या अर्थी मुख्यतः वाङ्मयासाठी वापरतात.

मार्मिक हा शब्द 'मर्म' या नामापासून आला आहे. विषयाच्या गाभ्याला नेमका स्पर्श करणारे, ते मार्मिक. मार्मिक भाष्य सावकाश विचार करून लिहिता येते आणि ते विनोदी असलेच पाहिजे असे नाही. 1960 साली बाळ ठाकरे व श्रीकांत ठाकरे यांनी सुरू केलेल्या व्यंगचित्र साप्ताहिकाचे नाव 'मार्मिक' होते. हिंदीत मात्र 'मार्मिक' म्हणजे हृदयद्रावक. त्यामुळे हिंदीतून मराठीत भाषांतर करताना या शब्दाने अनेकदा फसगत होते.

### विनोद दाखवणारे शब्द

विनोदी हा शब्द व्यक्तीला, लेखनाला व प्रसंगाला लागू पडतो. 'हजरजबाबी' प्रामुख्याने व्यक्तीला, स्वभावाला व उत्तराला. मिश्कील या शब्दात खोडकरपणा असतो आणि तो शब्दांविनाही व्यक्त होतो: मिश्कील हास्य, मिश्कील नजर. नर्मविनोदी म्हणजे कोणालाही न दुखावणारा, हलका विनोद करणारा. खुसखुशीत हे खाद्यपदार्थांवरून आलेले विशेषण लेखनशैलीसाठी रूढ आहे.

कोटी म्हणजे शब्दाच्या दोन अर्थांवर किंवा उच्चारसाम्यावर आधारलेला विनोद. कोटी ही हजरजबाबीपणाची एक पद्धत आहे, पण एकमेव नव्हे. वर दिलेल्या एसटीच्या उदाहरणात कोटी नाही. उलट, ऐनवेळी कोणत्याही शब्दावरून जुळवलेली कोटी चपखल नसेल, तर तिला 'ओढूनताणून केलेली' म्हणतात.

### धार दाखवणारे शब्द

खोचक, तिरकस, उपरोधिक व खवचट या शब्दांत समोरच्याला लागेल असे बोलणे अभिप्रेत आहे. खोचक बोलणे नेमके बोचते. तिरकस बोलणे सरळ न सांगता आडून सांगते. उपरोधिक बोलण्यात शब्दांचा अर्थ व हेतू परस्परविरुद्ध असतात. खवचट बोलण्यात दुखावण्याचा आनंद असतो. फटकळ माणूस मनात येईल ते भीड न ठेवता बोलतो. तोही लगेच उत्तर देतो, परंतु त्याच्या उत्तरात चमत्कृती असतेच असे नाही. म्हणून प्रत्येक फटकळ माणूस हजरजबाबी नसतो.

## विरुद्धार्थी शब्द

'हजर'ला 'गैरहजर' हा विरुद्धार्थी शब्द असला, तरी 'हजरजबाबी'ला उपसर्ग जोडून विरुद्धार्थी रूप तयार होत नाही. चार घटकांपैकी कोणता घटक नाकारायचा आहे, यावर शब्दाची निवड अवलंबून असते.

- मुखदुर्बळ: मनात असूनही ज्याला वेळेवर बोलता येत नाही तो. स्वभावदर्शक शब्दांमध्ये हा सर्वांत जवळचा विरुद्धार्थी शब्द होय. मुखदुर्बळ माणूस बुद्धीने कमी असतो असे नाही.
- निरुत्तर: ही स्वभावाऐवजी तात्पुरती अवस्था आहे. हजरजबाबी माणूसही एखाद्या प्रसंगी निरुत्तर होऊ शकतो.
- मंद, मठ्ठ: यांत बुद्धीचा अभाव सूचित होतो. सरावासाठी दिलेल्या जोड्यांत ते येत असले, तरी अर्थाच्या दृष्टीने ते 'हुशार' किंवा 'तल्लख' यांचे विरुद्धार्थी आहेत.
- रुक्ष, अरसिक: यांत विनोदबुद्धीचा अभाव दिसतो. रुक्ष माणूस तत्काळ उत्तर देऊ शकतो, पण ते केवळ माहितीपर असते.
- वाचाळ, बडबड्या: यांत मोजकेपणाचा अभाव असतो. पुष्कळ बोलणाऱ्याच्या शब्दांत चपखल शब्द हरवतो.

वाक्प्रचारांतही हा फरक जपलेला दिसतो. 'ततपप होणे', 'बोबडी वळणे' व 'दातखीळ बसणे' यांत बोलण्याची असमर्थता आहे, तर 'मूग गिळून बसणे' व 'तोंडात मिठाची गुळणी धरणे' यांत उत्तर ठाऊक असूनही गप्प राहण्याची निवड आहे. उशिराने आलेल्या शहाणपणाला 'पश्चातबुद्धी' म्हणतात. 'वरातीमागून घोडे' व 'बैल गेला आणि झोपा केला' या म्हणी अशाच विलंबावर बोट ठेवतात. अचूक उत्तर निघून गेल्यानंतर सुचण्याच्या या अनुभवाला फ्रेंच भाषेत 'जिन्यावरची बुद्धी' अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. अठराव्या शतकातील लेखक देनी दिदरो याच्या लेखनाशी तो जोडला जातो: मेजवानीत निरुत्तर झालेल्या माणसाला जिना उतरून खाली आल्यावर उत्तर सुचते, अशी त्यामागची कल्पना आहे.

## काव्यशास्त्रातील विचार

संस्कृत काव्यशास्त्रात हजरजबाबी उत्तराचे तंत्र 'वक्रोक्ती' या अलंकाराच्या विवेचनात आढळते. रुद्रटाने वक्रोक्तीचे श्लेषवक्रोक्ती व काकुवक्रोक्ती असे दोन प्रकार सांगितले. श्लेषवक्रोक्तीत एकाने ज्या अर्थाने शब्द वापरला, त्याहून वेगळा अर्थ घेऊन दुसरा उत्तर देतो. गुरुजींनी विद्यार्थ्याच्या कोऱ्या वहीकडे पाहून 'उत्तर कुठे आहे?' असे विचारावे आणि विद्यार्थ्याने खिडकीबाहेर बोट दाखवून 'त्या बाजूला, गुरुजी' म्हणावे, हे श्लेषवक्रोक्तीचे साधे उदाहरण होय. काकुवक्रोक्तीत शब्द तेच राहतात, परंतु स्वराच्या चढउतारामुळे अर्थ पालटतो. पुढे कुंतकाने 'वक्रोक्तिजीवित' या ग्रंथात वक्रोक्तीचा अर्थ पुष्कळ व्यापक करून तिला काव्याचा प्राण मानले.

मराठीत न. चिं. केळकर यांनी 'सुभाषित आणि विनोद' व 'हास्यविनोदमीमांसा' या ग्रंथांतून विनोदाची तात्त्विक चर्चा केली. इंग्रजीत या गुणासाठी रूढ असलेला 'विट' हा शब्द मूळचा 'ज्ञान, समज' या अर्थाचा असून, तो व संस्कृतातील 'विद्' (जाणणे) हा धातू एकाच भारोपीय मुळापासून आलेले मानले जातात. म्हणजे इंग्रजी शब्द जाणण्यावर भर देतो, तर मराठी शब्द हजर असण्यावर.

## लोकपरंपरा व रंगभूमी

महाराष्ट्रातील प्रयोगात्म लोककलांमध्ये हजरजबाबीपणा हे कलावंताचे आवश्यक कौशल्य मानले जाते. तमाशातील सोंगाड्या बतावणीत व वगात सरदाराच्या किंवा राजाच्या प्रत्येक वाक्याला उलट फिरवतो आणि गावातील ताज्या घडामोडी त्यात गुंफतो. वसंत सबनीस लिखित 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात दादा कोंडके यांनी रंगवलेली भूमिका अशा उत्स्फूर्त संवादांसाठी प्रसिद्ध झाली.

शाहिरी परंपरेतील कलगी व तुरा हे दोन पक्ष सवाल-जवाबातून एकमेकांना कोंडीत पकडत. कलगी पक्ष शक्तीला, तर तुरा पक्ष शिवाला श्रेष्ठ मानतो. समोरच्या फडाच्या सवालाला त्याच बैठकीत पद्यातून उत्तर देता न येणे, ही हार समजली जाई. राजकीय नेत्यांमधील शाब्दिक चकमकींसाठी बातम्यांत येणारा 'कलगीतुरा रंगला' हा वाक्प्रयोग याच परंपरेतून आला आहे. सिंधुदुर्ग व गोव्यातील दशावतारी नाटकात संवादांची लिखित संहिता परंपरेने नसते. कथानक ठरल्यानंतर कलावंत रंगमंचावर संवाद रचतात. त्यामुळे सहकलाकाराच्या वाक्याला तत्काळ जोड देता येणे हेच तेथील मुख्य कौशल्य ठरते.

आधुनिक काळात आचार्य अत्रे (1898–1969) व पु. ल. देशपांडे (1919–2000) ही नावे हजरजबाबीपणाशी विशेष जोडली जातात. त्यांच्या लिखित विनोदाइतकेच सभा, भाषणे व गप्पा यांतील किस्से मौखिक परंपरेत टिकून आहेत. एकच किस्सा वेगवेगळ्या व्यक्तींच्या नावावर सांगितला जाणे, हे अशा किश्श्यांचे सर्वत्र आढळणारे लक्षण आहे. बिरबलाच्या बाबतीत ते स्पष्ट दिसते. अकबराच्या दरबारातील राजा बिरबल ही ऐतिहासिक व्यक्ती होती व 1586 साली युसुफझाईंविरुद्धच्या मोहिमेत त्याचा मृत्यू झाला. परंतु त्याच्या नावावरील बहुतेक कथा नंतरच्या लोकपरंपरेतील आहेत. दक्षिणेत तेनाली राम, बंगालमध्ये गोपाल भांड आणि पश्चिम व मध्य आशियात मुल्ला नसरुद्दीन यांच्याभोवतीही अशाच कथा जमल्या आहेत.

## वापरातील सामाजिक संकेत

'हजरजबाबी' हा शब्द प्रशंसापर आहे. मात्र तो कोणाला लावायचा, हे केवळ उत्तराच्या गुणवत्तेवर ठरत नाही. बोलणारा व ऐकणारा यांच्या नात्यावरही ठरते. वरिष्ठाने कनिष्ठाला दिलेले तत्पर उत्तर हजरजबाबी ठरते. तसेच उत्तर कनिष्ठाने वरिष्ठाला दिले, तर त्याला 'उद्धट' किंवा 'उलट उत्तर' म्हटले जाण्याची शक्यता अधिक असते. लहान मूल पाहुण्यांसमोर चटकन बोलले तर कौतुक होते, पण तेच मूल आईवडिलांच्या रागावण्याला तसेच उत्तर देऊ लागले की ते 'आगाऊ' ठरते. 'तोंडाळ' व 'फटकळ' ही विशेषणे स्त्रियांच्या बाबतीत तत्परतेने वापरली जातात. विशेषतः सासरी दिलेल्या उत्तराला 'तोंड वर करून बोलणे' असे म्हटले जाते. या सर्व शब्दांत उत्तराच्या वेगाबद्दल मतभेद नसतो; उत्तर देण्याच्या अधिकाराबद्दल असतो.

दरबारी विदूषकांच्या व चतुर सुनांच्या लोककथांना याच कारणाने रंग चढतो. त्यांत बोलणारा नेहमी दुर्बळ बाजूचा असतो आणि त्याचे उत्तर फसले, तर शिक्षा अटळ असते. राजा किंवा सासरा हसला की अपराध माफ होतो व उद्धटपणाचे रूपांतर हजरजबाबीपणात होते. त्यामुळे या कथांमधील हसू हे केवळ करमणुकीचे नसते. तो दिलेला निवाडा असतो.

## वाक्यांत उपयोग

- मुलाखतीत अडचणीचा प्रश्न आला, तेव्हा तिच्या हजरजबाबी उत्तराने परीक्षकही हसले.
- सूत्रसंचालकाच्या हजरजबाबीपणामुळे वीज गेल्यानंतरचा वेळही रंगला.
- तो लिहितो विनोदी, पण सभेत मुखदुर्बळ आहे.
- लेखकाने परिस्थितीचे मार्मिक वर्णन केले आहे. (येथे 'हजरजबाबी' चालत नाही.)
- परिचारिकेने प्रसंगावधान राखून रुग्णांना बाहेर काढले. (येथेही 'हजरजबाबीपणा' चालत नाही.)

'हजरजबाबी कादंबरी' किंवा 'हजरजबाबी हास्य' असे प्रयोग सामान्यतः करत नाहीत, कारण त्यांत कोणाच्याही बोलण्याला दिलेले उत्तर नसते. कादंबरीतील पात्र किंवा संवाद मात्र हजरजबाबी असू शकतात.

## हेही पाहा

- विनोद
- वक्रोक्ती
- श्लेष अलंकार
- सवाल-जवाब
- बतावणी
- मराठीतील फारसी शब्द